चिठ्ठीखालची ओळ

आमच्या लायब्ररीत गेलं की सर पुस्तकाचं नाव विचारायचेच नाहीत. विचारायचे, "कोणासाठी?"

म्हणजे तुम्ही म्हणालात, सर, ते काविळीचं पुस्तक हवंय, की ते चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "ता समाजला. कोणासाठी व्हया?" मग सांगावं लागायचं, की सर, आमच्या वाडीत एक बाई आहे, सातवा महिना आहे, डोळे पिवळे दिसतायत. मग ते उठायचे, आणि तुम्ही मागितलेलं सोडून भलतंच पुस्तक आणून द्यायचे, आणि नेमकं तेच बरोबर असायचं! परत करायला गेलात तरी सुटका नाही. पुस्तक हातात घ्यायच्या आधी प्रश्न, "मगे? काय झाला तिचा?" बाई बरी झाली, बाळ झालं, हे कळल्याशिवाय पुस्तक जमा नाही. उशिराचा दंड वगैरे काही नाही. दंड एकच, पुढे काय झालं ते सांगायचं.

मी हे भराभर टाइप करतेय, कारण थांबले तर लिहायची नाही. त्यांच्या गमती सांगायला मला नेहमी आवडायचं. मी त्यांची नक्कल पण करायचे, गॅदरिंगला स्टेजवर केलेली, चष्मा नाकावर ओढून "कोणासाठी?" असं. सगळ्यात जास्त तेच हसले होते. पण गमतीच्या मागे जे आहे ते मी कुणाला सांगत नव्हते.

तर आधी जागा सांगते. कुडाळहून मालवणला जाताना रस्त्याच्या कडेला आमचं ट्रेनिंग सेंटर. उपकेंद्रांतल्या नर्स, गावागावातल्या आशाताई, सगळ्यांना तिथे शिकवायचे. त्याच्या मागच्या बाजूला एक खोली, ती लायब्ररी. मी तिथे कॉन्ट्रॅक्टवर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. नांदगावहून सकाळच्या गाडीने यायचे आणि गाडीतच निम्मं काम फोनवर उरकायचे, इतकी मी फास्ट. आता मी त्या नोकरीत नाही. ते का, ते शेवटी तुमच्या लक्षात येईल.

लायब्ररीतल्या कपाटांवर विषयांची नावं नव्हती. कामांची होती! एका कपाटावर खडूने 'काजू', एकावर 'होडी', एकावर 'भात', एकावर 'बाळंतीण'. 'होडी'च्या कपाटात माशाचा काटा लागून हात सडतो ते, बुडालेल्याला काय करायचं ते, आणि दारू सोडवायचं पण. 'भात'मध्ये चिखलातून येणारे ताप. 'काजू'मध्ये साप, चिकाने भाजलेले हात, उन्हाचा झटका. एकदा तपासणीला वरून साहेब आले होते. त्यांनी कडक आवाजात विचारलं, "प्रतिबंधक वैद्यकशास्त्राचा विभाग कुठे आहे?" सर शांतपणे म्हणाले, "कोणासाठी?" मी दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसत होते.

पण त्यांची खरी ख्याती चिठ्ठ्यांची. गावागावात आशाताई त्यांना 'चिठ्ठीवाले सर'च म्हणायच्या. डॉक्टरकीतलं रोज काहीतरी बदलतं ना, कालचं औषध आज नको, कालचा डोस आज निम्मा. तसा नवीन कागद आला की सर जुन्या एक्स-रेच्या खाकी पाकिटांच्या बारीक पट्ट्या कापायचे, त्यावर सुंदर अक्षरात नवीन ओळ, खाली तारीख, आणि ती पट्टी पुस्तकातल्या चुकीच्या ओळीवर डकवायचे. खळ स्वतः शिजवायचे, मैद्याची, झुरळ लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. खळीचा डबा आणि त्यांचा जेवणाचा डबा एकसारखाच होता, आणि एकदा ते पोळीबरोबर काय खाणार होते ते सांगायला नको.

आणि गंमत म्हणजे पट्टी फक्त वरच्या कडेलाच चिकटवायची. खालून सुट्टी. उचलली की जुनी ओळ दिसायची. मी विचारलं होतं, सर, पूर्ण का नाही चिकटवत? तर म्हणाले, "जुनी चूक दिसाक व्हयी गो. पुरी झाकली तर लोकांका वाटतला, आपण पयल्यापासूनच शाणे."

मी तेव्हा त्यालाही हसले होते.

बरं, जी पुस्तकं बाहेर गेलेली असायची, त्यांचं काय? तर सर तिथे जायचे! एसटीने, खांद्याला पिशवी, पिशवीत खळीचा डबा. एका ओळीसाठी! आचऱ्याच्या एका आशाताईच्या मुलीचा साखरपुडा चालू होता, माणसं जेवायला बसलेली, आणि मांडवाच्या तोंडाशी हे उभे.

"सरांनू! इलात? बसा, बसा, आधी जेवा तरी."

"जेवण मगे. पुस्तक हाडा आधी. पान बहात्तर."

"अहो, आज चेडवाचो साखरपुडो आसा!"

"म्हणानच इलंय. उद्या तुमी पाव्हण्यांच्या गडबडीत, आणि कोणतरी पान बहात्तर वाचतला."

पुस्तक आलं, पान बहात्तरवर चिठ्ठी बसली, मग सर पंगतीला बसले आणि सोलकढी तीनदा मागून प्याले. ही गोष्ट त्या आशाताई अजून सांगतात. मला म्हणाल्या होत्या, "मेलो खुळो आसा. पण असो खुळो आमका परत मिळूचो नाय."

मी एकदा त्यांना म्हटलं, सर, एवढं कशाला फिरता, सगळं फोनवर टाकलं की झालं. तर ते म्हणाले, "पुस्तक म्हणजे दूध गो. नासला तरी पांढराच दिसता. म्हणान जंय जंय वाढलंय, थंय थंय जावन बघूक व्हया." आणि मग माझ्या फोनकडे बोट करून, "तुझ्या ह्येच्यातसून गेलेला परत हाडूक येता?"

मी म्हटलं, "येतं की! डिलीट मारलं की झालं."

त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. त्यांना काय कळतंय, असं मला वाटलं.

मग ई-लायब्ररी आली. मोठ्या मॅडमनी, म्हणजे सेंटरच्या प्रमुखांनी, मला काम दिलं की सगळी उपयोगाची पुस्तकं स्कॅन कर आणि आशाताईंच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात कर. मला तर काय, पंख फुटले! दिवसाला तीनशे पानं काढायचे. पण त्या खाकी चिठ्ठ्या स्कॅनमध्ये इतक्या घाण दिसायच्या, काळपट डाग पडल्यासारख्या. मॅडम म्हणाल्या होत्या, स्वच्छ दिसलं पाहिजे. मग मी काय केलं? चिठ्ठ्या खालून सुट्ट्याच होत्या. मी एकेक वर दुमडली, कडेला क्लिप लावली, आणि पान काढलं. स्वच्छ. छापल्यासारखं. कारण ते छापलेलंच होतं.

मी खाली काय लिहिलंय ते वाचलं नाही. हे मला नीट सांगायचंय. मी फसवलं नाही, मला वाईट करायचं नव्हतं, वगैरे सगळं खरं आहे, पण मी वाचलंच नाही. चिठ्ठी उचलताना ती कशासाठी आहे हे मला माहीत होतं. मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत होतं, मी त्यांची नक्कल करायचे.

काजूचा सीझन सुरू झाला, तेव्हा मी 'काजू'च्या कपाटातलं सर्पदंशाचं पान टाकलं. मस्त रंगीत चित्र होतं, पाय, पायाला पट्टी, वर लायब्ररीचा शिक्का. त्या चित्राखालची ओळ होती, 'दंशाच्या वर दोरीने घट्ट आवळून बांधावे.' त्या ओळीवरच्या सरांच्या चिठ्ठीवर होतं, 'बांधू नये. हलवू नये. लगेच दवाखान्यात न्यावे.' चिठ्ठी क्लिपमध्ये होती. आणि मी वर टाइप केलं, 'नवीन माहिती! सगळ्यांना लगेच पाठवा!' तीन लाल फुल्या.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजूच्या एका गावात, काजूच्या बागेत, पाचोळ्यात हात घालून बिया गोळा करताना एका बाईला पायाला फुरसं चावलं. आमच्याकडे फुरसं म्हणजे वीतभर साप, पाचोळ्याच्या रंगाचा, दिसतच नाही. त्या बाईची जाऊ आमची आशाताई. एकाच घरातल्या दोघी, त्या दिवशी बागेत पण बरोबरच. आशाताईने फोन काढला, चित्र बघितलं, आणि कमरेची सुंभाची दोरी काढून जावेच्या पायाला आवळली. घट्ट. चित्रात होती तशी. गाडी मिळेपर्यंत, दवाखाना येईपर्यंत तीन तास गेले. बाई वाचली. पायाची दोन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "हे कोणी बांधलं? बांधायचं नाही हे तुम्हाला शिकवलेलं नाही?"

शिकवलेलं होतं! ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, रजिस्टरवर तिची सही होती. त्यामुळेच सगळं तिच्यावर आलं. गावात लोक म्हणायला लागले, जावेवरचा राग काढला.

मॅडमनी बोलावलं. केबिनमध्ये मॅडम, आशाताई, सर, आणि मी, पडद्यावर पान दाखवायला. आशाताई उभीच होती. मॅडम म्हणाल्या, "ट्रेनिंग घेतलं होतं ना तुम्ही?"

ऑफिसात सगळे शुद्ध बोलतात, ती पण तसंच बोलायला गेली आणि मध्येच तिचा धीर सुटला. "घेतलं होतं मॅडम. बांधायचं नाही, माहीत होतं. पण ह्या आदल्याच दिसा इला ना! वर लिवलेला, नवीन म्हणान. आदल्या दिसा इला म्हणजे नवाच असतला, असा माका वाटला. म्हटलं, परत बदलला असतला."

सर उठले. पडद्याजवळ गेले. पानाच्या त्या ओळीच्या वर एक बारीक काळी रेघ होती, दुमडलेल्या चिठ्ठीची सावली. स्कॅनमध्ये येते तशी. कुणाच्या लक्षात आली नसती. सरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. परत केलेलं पुस्तक हातात घ्यायच्या आधी बघायचे ना, तसं. 'मगे?' असं.

मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी लॅपटॉपचा चार्जर नीट बसलाय का ते बघायला लागले.

"पुस्तकात सुधारणा नव्हती का केलेली?" मॅडमनी विचारलं.

सर म्हणाले, "पुस्तक माझ्या ताब्यातलं आहे. शिक्का माझा आहे. जबाबदारी माझी."

त्यांना लेखी ताकीद मिळाली. निवृत्तीला तीन महिने उरलेल्या माणसाला. आशाताईला सांगितलं, चौकशी होईपर्यंत काम थांबवा. आणि मला? मला पुढच्या महिन्यात ई-लायब्ररीसाठी कौतुकाचं पत्र मिळालं. मी ते घेतलं. फोटो काढून स्टेटसला ठेवला.

अजून एक आहे. त्या दिवशी केबिनमधून बाहेर पडल्यावर मी ग्रुपवरचा तो मेसेज माझ्या फोनमधून पुसून टाकला, सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत तेव्हा संपली होती, आणि आठवडाभरात सगळी पुस्तकं, चिठ्ठ्या खाली करून, परत स्कॅन केली आणि जुन्या फाइल उडवल्या. कुणाला काही दिसलं नाही. मी चूक पुरी झाकली, दोन्ही बाजूंनी चिकटवून.

त्याच दिवशी व्हरांड्यात सरांनी मला थांबवलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. तर म्हणाले, "तुझ्या ग्रुपात कितके जणी आसत?"

"दोनशे अकरा."

"नावां काढून दी. गावासकट."

मी दोन मिनिटांत प्रिंट काढून दिली. फास्ट ना मी. मग कळलं ते काय करतायत. रजा टाकून, एसटीने, एकेका आशाताईच्या दारात! "फोन दाखय. ता सापाचा चित्र आसा? काढ. माझ्यादेखत काढ. आणि कोणाक पाठयलंस? त्यांका फोन लाय." ज्या माणसाला असला फोन उघडता येत नव्हता तो लोकांच्या फोनमधलं पान पुसायला फिरत होता. सेंटरमध्ये सगळे हसत होते. शिपाई म्हणाला, "म्हाताऱ्याक खूळ लागला." मी पण हसले. त्याच्याबरोबर हसले, म्हणजे संशय नको.

सर निवृत्त झाले. ताकीद मिळालेल्या माणसाचा निरोप समारंभ कसला, चहा झाला. जाताना त्यांनी खळीचा डबा घासून नेला.

मला वाटलं होतं सुटले. पण प्रत्येक वेळी काही फॉरवर्ड करायला गेले की अंगठा अडायचा. शेवटी एका रविवारी आचऱ्याला त्यांच्या घरी गेले. ते चर्चमधून नुकतेच आले होते, पांढरा शर्ट तसाच, माडांच्या खाली खुर्ची टाकून बसलेले. मी उभ्या उभ्याच सगळं ओकले. रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ता माका पयल्या दिसापासून म्हायत आसा."

"मग तुम्ही का नाही सांगितलं सर?"

"एका बाजून चिकटवची खोड माझी. दोनूय बाजूंनी चिकटवलंय असतंय तर तुका उघडूक मिळाला नसता. म्हणान जबाबदारी माझी म्हटलंय, ता खोटा नाय." मग म्हणाले, "तुझा मी सांगलंय असतंय तर ती माझी चिठ्ठी झाली असती. तुझी नाय."

"मी माफी मागायला आलेय सर."

"माझ्याकडे कित्याक? माझा काय पायाचा बोट गेला?"

आत जाऊन त्यांनी मी दिलेली ती प्रिंट आणली. घामाने, पावसाने मऊ झालेली. दोनशे दहा नावांपुढे पेन्सिलीची खूण. एक नाव कोरं. त्या दोरी बांधणाऱ्या आशाताईचं.

"थंय मी गेलंय नाय," सर म्हणाले. "ता तुझ्यासाठी ठेवलंय."

मी तिथूनच एसटी पकडली. दार जावेने उघडलं. पायात कापडी चप्पल, एका बाजूने भार टाकत चालायची. "बस गो," म्हणाली, पाणी दिलं. तिला वाटलं ऑफिसातून काही निरोप आणलाय. आशाताई मागच्या पडवीत बिया फोडत होती, ती हात पुसत आली. आणि मी दोघींसमोर सांगितलं. चिठ्ठ्या, क्लिप, ती ओळ, चार्जर, कौतुकाचं पत्र, परत केलेलं स्कॅन. सगळं.

मग मी म्हटलं, "ताई, ते चित्र तुमच्या फोनमधून काढून टाकूया. तेवढं एकच राहिलंय."

"काढूचंय नाय," आशाताई म्हणाली. तिने फोन छातीशी धरला. "सगळ्यांनी काढल्यानी, माका म्हायत आसा. तुया पुसलंस. ह्या एकच उरला. ह्या गेला तर मी मनान बांधलंय नाय, ह्या कोणाक दाखवू? झोपताना बघतंय मी ता. खुळी झालंय नाय मी, चित्रात होता, असा सोताक सांगतंय."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

जाऊच म्हणाली, "मगे हिका लिवन देवक सांग."

मुलाच्या वहीचा कागद फाडला. मी लिहिलं. टाइप करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं, हाताने अर्धा तास गेला. 'पुस्तकात दुरुस्ती होती. ती मी वर दुमडली. जुनी ओळ मी नवीन म्हणून पाठवली. आशाताईंनी मी पाठवलेलं वाचून बांधलं. सरांची चूक नाही.' खाली सही केली.

जावेने कागद वाचला, ओठ हलवत, दोनदा. "निसती सई नको. नाव लिव. पुरा."

पुरं नाव लिहिलं. मग आशाताई म्हणाली, "आता ह्येचो फोटो काढ. आणि पाठय. खंय पाठवलं होतंस ता?"

"ग्रुपवर."

"थंयच."

दोनशे अकरा जणी, आणि मॅडम. मी फोटो लावला. वर काही टाइप केलं नाही. पाठवला. लगेच एकेक नाव बघायला लागलं, कुणीतरी लिहायला लागलं, आणि माझा अंगठा आपोआप त्या फोटोवर गेला. दाबून धरलं की 'सगळ्यांसाठी पुसा' असं येतं ना, तिथे. दोन दिवस पुसता येतं. त्यानंतर नाही. हे आमच्या ग्रुपमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आशाताई माझ्या अंगठ्याकडेच बघत होती.

मी फोन बंद केला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, "ताई, दोन दिवस हा तुमच्याकडे ठेवा. मी मागितला तरी देऊ नका."

तिने तो घेतला, आत गेली आणि तांदळाच्या डब्यात खाली घातला. झाकण लावल्याचा आवाज आला. जाऊ मला सोडायला पायरीपर्यंत आली, आणि म्हणाली, "परवा ये. जेवक ये." मी नांदगावला पोचेपर्यंत दर पाच मिनिटांनी माझा हात पर्समधल्या फोनच्या रिकाम्या कप्प्याकडे जात होता.